परवान्याचा शब्द आणि परवान्याचा अर्थ : जर्मनीतील परदेशी नोकरदार व मुक्त व्यावसायिक

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण शासनव्यवहारातील मराठीची ठळक वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात आपण त्याच अभ्यासाला एक प्रत्यक्ष विषय जोडणार आहोत. परक्या देशात राहून नोकरी अथवा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या माणसाला कोणती परवानगी लागते, ती कोणत्या शब्दांत दिली जाते आणि त्या शब्दांचा अर्थ चुकला तर काय होते, हा तो विषय होय. उदाहरण म्हणून जर्मनीचा कायदा घेतला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, आणि तेव्हापासून आपल्या अभ्यासकेंद्रांवरही जर्मनीविषयी विचारणा होऊ लागली. परंतु हे उदाहरण निवडण्यामागील माझे खरे कारण वेगळे आहे. जर्मन कायदा शब्दांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहे, त्यामुळे भाषेच्या विद्यार्थ्याला तो एखाद्या व्याकरणग्रंथासारखा वाचता येतो.

आरंभी ‘परवाना’ या शब्दाकडेच पाहू. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. फारसीत त्याचा एक अर्थ लेखी आज्ञा वा अनुज्ञा असा आहे आणि दुसरा अर्थ दिव्यावर झेपावणारा पतंग असा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला व राज्यकारभारातील अनेक फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय मिळाले. तरीही ‘परवाना’ आणि ‘परवानगी’ हे शब्द मराठीत टिकून राहिले. दोहोंत आज थोडा भेद आहे. परवानगी ही तोंडी असू शकते, परवाना मात्र कागदावरच असतो. पुढील विवेचनात हा भेद ध्यानात ठेवावा.

४.२ परवाना नेमका कशाचा?

‘वर्क परमिट मिळाले का?’ हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो. जर्मनीच्या बाबतीत तो काटेकोरपणे विचारल्यास उत्तर देता येत नाही, कारण कामाचा असा स्वतंत्र परवाना तेथे आता बहुतांशी अस्तित्वातच नाही. १ जानेवारी २००५ पूर्वी परदेशी माणसाला निवासाचा कागद एका कार्यालयातून आणि कामाची अनुमती श्रमविभागाच्या कार्यालयातून घ्यावी लागे. त्या दिवशी लागू झालेल्या निवास-कायद्याने दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आणल्या. परदेशी नागरिकांचे कार्यालय निवासाचा हक्क देते आणि काम करता येईल की नाही, कोणते, किती, हे त्याच हक्कपत्रावर नोंदवते. आवश्यक तेथे श्रमविभागाची संमती हे कार्यालय आतल्या आत घेते. अर्जदाराला दोन दारे ठोठवावी लागत नाहीत.

या हक्कपत्राचे अनेक प्रकार आहेत. भारतातून निघताना मिळणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा, तेथे गेल्यावर मिळणारी मुदतबंद निवास-अनुज्ञा, उच्चशिक्षितांसाठीचे ब्लू कार्ड आणि कायम वास्तव्याची अनुज्ञा हे त्यांतील प्रमुख होत. आज हे हक्कपत्र बँकेच्या कार्डाएवढे असते व त्यासोबत बहुधा एक घडीचा कागद मिळतो. अटी त्या कागदावर असतात. कार्ड जपून ठेवणारे आणि तो कागद मात्र कोठेतरी खणात टाकणारे अनेकजण मला माहीत आहेत.

४.३ मनाई आणि मुभा

कायद्यात एखादी गोष्ट दोन रीतींनी सांगता येते. ‘परवानगी असल्याखेरीज काम करता येणार नाही’ ही एक रीत. ‘मनाई नसल्यास काम करता येईल’ ही दुसरी. दोन्ही वाक्यांत नकार आहे, दोन्हींत संकेतार्थ आहे. पण मूळ गृहीतक अगदी उलटे आहे. पहिल्यात मौनाचा अर्थ ‘नाही’ असा होतो, दुसऱ्यात मौनाचा अर्थ ‘होय’ असा होतो.

जर्मन कायद्याने १ मार्च २०२० रोजी पहिल्या रीतीकडून दुसरीकडे प्रवास केला. तोपर्यंत कागदावर कामाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर काम निषिद्ध मानले जाई. आता निवासाचे हक्कपत्र धारण करणाऱ्याला काम करता येते, मात्र कायद्याने अथवा त्या कागदाने मनाई केलेली नसावी. हा बदल कागदावर उदार दिसतो, पण व्यवहारात बहुतेक हक्कपत्रांवर काही ना काही मर्यादा नोंदलेली असतेच. आणि पर्यटनाच्या अथवा अल्पमुदतीच्या व्हिसावर, म्हणजे १८० दिवसांतील ९० दिवसांच्या मुक्कामात, हे औदार्य लागू होत नाही. व्यावसायिक बैठकीसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर तेथे जुनेच गृहीतक कायम आहे.

४.४ ‘काम’ या शब्दाची अडचण

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझी एक माजी विद्यार्थिनी पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेली. पुण्यातील एका संस्थेने तिला चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांचे काम देऊ केले. घरी बसून करायचे, दर मिनिटामागे मोबदला. तिने अटींच्या कागदाचे छायाचित्र मला पाठवले आणि विचारले, “सर, यावर मला काम करता येईल असेच लिहिले आहे ना?” माझे जर्मन वाचनापुरते, संशोधनाच्या काळात कोश घेऊन शिकलेले. कागदावर ‘बेशेफ्टिगुंग’ या शब्दापुढे ‘अनुमत’ असे होते. कोशात त्या शब्दाला ‘काम, उद्योग’ असे अर्थ सापडतात. मी तिला कळवले, “हो, करता येईल. दिवसांची मर्यादा तेवढी पाळ.”

रात्री झोप लागेना, म्हणून मी मूळ कायदा उघडला आणि दुसऱ्या कलमापाशीच थांबलो. तेथे ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट’ असा एक मोठा शब्द आहे. उपजीविकेसाठी केलेली कोणतीही कृती, असा त्याचा अर्थ. त्याच्या पोटात प्रामुख्याने दोन शब्द येतात. एक ‘बेशेफ्टिगुंग’, म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली, त्याच्या आदेशाने केलेली नोकरी. दुसरा ‘झेल्बश्टेंडिगे टेटिगकाइट’, म्हणजे स्वतंत्रपणे, स्वतःच्या जबाबदारीवर केलेला उद्योग. मोठ्या शब्दापुढे ‘अनुमत’ असेल तर दोन्ही प्रकार मोकळे असतात. पोटातील एकाच शब्दापुढे तसे असेल तर दुसरा आपोआप मोकळा होत नाही. विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते (२०२४ पूर्वी हे आकडे १२० आणि २४० असे होते). पण मिनिटावर मोबदला घेऊन उपशीर्षके लिहिणे ही नोकरी नव्हे, तो स्वतंत्र उद्योग झाला. त्यासाठी वेगळी अनुमती मागावी लागते.

मी ‘बेशेफ्टिगुंग’चे भाषांतर ‘काम’ असे केले होते. मराठीत ‘काम’ हा सर्वांत व्यापक शब्द आहे. घरकाम, शेतकाम, सरकारी काम, इतकेच काय ‘तुझ्याकडे एक काम आहे’ यातलेही काम. मी पोटातल्या शब्दाला मोठ्या शब्दाचा अंगरखा घातला, आणि तिला एका दिवसापुरते का होईना चुकीच्या बाजूला उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दूरध्वनी केला तेव्हा तिने होकार कळवून टाकला होता, सुदैवाने प्रत्यक्ष सुरुवात केली नव्हती. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी सल्लागारांच्या मदतीने तिने अर्ज केला आणि काही आठवड्यांनी केवळ भाषांतर व तत्सम लेखनापुरती अनुमती तिला मिळाली. अनुमतीविना स्वतंत्र उद्योग करणाऱ्या परदेशी व्यक्तीस तेथे ५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पुढील मुदतवाढीवर त्याची सावली पडते ती निराळीच.

या प्रसंगात आणखी एक सार्वत्रिक गैरसमज दडलेला आहे. ‘काम पुण्याचे, पैसा पुण्याचा, मग जर्मनीचा संबंध काय?’ असा प्रश्न तिनेही विचारला होता. कायदा मात्र काम कोठून आले हे न पाहता काम करताना माणूस कोठे बसला आहे हे पाहतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन बर्लिनमध्ये बसलेला माणूस बर्लिनमध्येच काम करीत असतो.

स्वयंअध्ययनासाठी : नोकरी, चाकरी, काम, धंदा, व्यवसाय, उद्योग या सहा शब्दांतील कोणता शब्द इतर कोणत्या शब्दांना आपल्या पोटात घेतो, हे स्वतःच्या बोलण्यातील वाक्ये घेऊन तपासा.

४.५ नोकरदार : क्रियापदाकडे लक्ष द्या

नोकरीसाठी जाणाऱ्यांचे नियम तुलनेने सरळ आहेत. मान्यताप्राप्त पदवी अथवा व्यवसायशिक्षण, तिची जर्मनीत झालेली समकक्षता-तपासणी आणि नोकरीचा ठोस प्रस्ताव या तीन गोष्टी पायाभूत होत. ब्लू कार्डसाठी पगाराची किमान मर्यादा असते व ती दरवर्षी बदलते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, टंचाईच्या व्यवसायांत ४३,७५९.८० युरो. हा आकडा असा विचित्र का, असे वाटेल. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीसाठी पगाराची जी कमाल मर्यादा ठरते तिच्या ५० टक्के ही पहिली रक्कम आणि ४५.३ टक्के ही दुसरी. ब्लू कार्डधारकाने पहिल्या १२ महिन्यांत मालक बदलल्यास कार्यालयाला कळवावे लागते आणि कार्यालय तो बदल ३० दिवसांपर्यंत रोखून तपासू शकते. कायम वास्तव्याची अनुज्ञा या गटाला २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठली असेल तर २१ महिन्यांनी मिळू शकते. भाषा शिकल्याचे मोल येथे थेट सहा महिन्यांत मोजले आहे, हे आपणा भाषेच्या विद्यार्थ्यांना सुखावणारे आहे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने याहून रोचक बदल १८ नोव्हेंबर २०२३ रोजी झाला. तोवर कुशल कामगारांच्या कलमांत ‘कान’ हे सहायक क्रियापद होते : अटी पूर्ण करणाऱ्यास अनुज्ञा ‘देता येईल’. त्या जागी ‘विर्ड’ आले : अनुज्ञा ‘दिली जाते’. एका क्रियापदाने अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असलेली गोष्ट अर्जदाराच्या हक्काची झाली. या दोहोंच्या मधोमध ‘झोल’ हे क्रियापद येते. त्याचा आशय असा की सर्वसाधारणपणे द्यावीच, नाकारायची असेल तर अपवादाचे कारण सांगावे.

मराठीत ही तीन पायऱ्यांची उतरंड मांडताना कस लागतो. ‘देता येईल’ आणि ‘देण्यात येईल’ ही रूपे आपल्या अधिनियमांतून रुळलेली आहेत व त्यांतील भेद स्पष्ट आहे. अडचण मधल्या पायरीची. ‘द्यावी’ हा विध्यर्थ आहे, आणि विध्यर्थ मराठीत कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता असे नाना अर्थ वाहतो. ‘मुलांनी आज्ञा पाळावी’ यातील ‘पाळावी’ आणि ‘एखादी तरी सुट्टी मिळावी’ यातील ‘मिळावी’ यांची जात एक, अर्थ दोन. म्हणून ‘झोल’साठी ‘एरवी देण्यात येईल’ असा शब्दप्रयोग मला अधिक सुरक्षित वाटतो. तो थोडा अवघडलेला आहे हे मान्य, पण कायद्याच्या भाषेत अवघडलेपण क्षम्य आहे, संदिग्धता नाही.

नोकरी नसताना शोधासाठी जाण्याचा मार्ग १ जून २०२४ पासून खुला आहे. त्याला संधी-पत्र म्हणता येईल. शिक्षण, अनुभव, भाषा, वय इत्यादींसाठी गुण दिले जातात. किमान सहा गुण लागतात. मुक्काम एक वर्षापर्यंत. आणि त्या काळात आठवड्याला सरासरी २० तासांपर्यंत नोकरी करता येते. पुन्हा एकदा, नोकरी. स्वतंत्र उद्योग नव्हे.

४.६ मुक्त व्यावसायिक कोणाला म्हणावे?

स्वतंत्र उद्योगाच्याही जर्मनीत दोन शाखा आहेत, आणि येथे मराठी भाषकाला एक अनपेक्षित सोय आहे. आपण ‘वकिलीचा व्यवसाय’ म्हणतो आणि ‘किराणा मालाचा धंदा’ म्हणतो. ‘डॉक्टरकीचा धंदा’ म्हटले की बोलणाऱ्याच्या मनातील कडवटपणा ऐकू येतो. नेमका हाच भेद जर्मनीत कायद्याने केला आहे. ‘फ्रायर बेरूफ’, शब्दशः मुक्त व्यवसाय, यात डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, पत्रकार, दुभाषे, भाषांतरकार आणि कलावंत, लेखक, शिक्षक येतात. ‘गेवेर्बे’ यात दुकान, उपाहारगृह, मालाची ने-आण, डबे पुरवणे इत्यादी येतात. ही यादी निवास-कायद्यात नसून आयकर-कायद्याच्या अठराव्या कलमात आहे. भाषांतरकाराचे नाव कायद्यात असे स्वच्छपणे नोंदलेले पाहून मला व्यक्तिशः समाधान वाटले, हे नमूद करतो.

निवासाच्या दृष्टीने या भेदाचा परिणाम मोठा आहे. ‘गेवेर्बे’ करू इच्छिणाऱ्या परदेशी माणसाला त्या धंद्यामागे आर्थिक हितसंबंध अथवा स्थानिक गरज आहे, अर्थव्यवस्थेवर त्याचा चांगला परिणाम होईल आणि भांडवलाची तरतूद आहे, हे दाखवावे लागते. मुक्त व्यावसायिकाला यांतील पहिल्या कसोट्यांतून सूट मिळू शकते. त्याच्याकडून सामान्यतः काम देऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांची पत्रे, उत्पन्नाचा अंदाज, आरोग्यविमा आणि पात्रतेची प्रमाणपत्रे मागितली जातात. ज्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, उदाहरणार्थ वैद्यकीय, तेथे तोही. अर्जदाराचे वय ४५ हून अधिक असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. आपल्यापैकी अनेकजण त्या वयाचे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आणि या कलमातील क्रियापद अद्याप ‘कान’च आहे, म्हणजे अनुज्ञा ‘देता येईल’. सर्व कागद जोडूनही ती मिळेलच असे म्हणता येत नाही.

‘मुक्त’ हे विशेषण येथे दिशाभूल करते. अनुज्ञा बहुधा एका नेमलेल्या व्यवसायापुरती असते. भाषांतरकार म्हणून अनुज्ञा घेतलेल्याने शनिवार-रविवारी पुरणपोळ्या करून विकल्या तर ते ‘गेवेर्बे’ झाले, आणि त्याची अनुज्ञा त्याच्याकडे नाही. सीमा इतक्या सूक्ष्म आहेत की भाषांतरकाराचेही रूपांतर धंदेवाइकात होऊ शकते. जर्मनीच्या सर्वोच्च कर-न्यायालयाने एका भाषांतर-संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, ज्या भाषा चालकांना स्वतःला अवगत नाहीत त्यांतील भाषांतरे नियमितपणे दुसऱ्यांकडून करवून घेऊन विकणे हा मुक्त व्यवसाय नव्हे, तो धंदा आहे. मुक्त व्यवसायाचे सार स्वतःच्या विद्येत आहे. दुसऱ्याची विद्या विकली की माणूस व्यापारी होतो. या निर्णयाशी तुम्ही सहमत असाल वा नसाल, पण ‘भाषांतरकार’ या शब्दाची इतकी चोख व्याख्या आमच्या विद्यापीठीय चर्चासत्रांतही मी क्वचित ऐकली आहे.

येथे दोन कार्यालयांची गल्लत टाळावी. करकार्यालयात नोंदणी करून करक्रमांक मिळाला म्हणजे व्यवसायाची अनुज्ञा मिळाली, असे नव्हे. करकार्यालयाला कराशी कर्तव्य असते. निवासाचा प्रश्न परदेशी नागरिकांचे कार्यालयच सोडवते, आणि एकाचा कागद दुसऱ्याला बांधत नाही.

उलट बाजूची एक अडचण आहे. कागदावर मुक्त व्यावसायिक, पण प्रत्यक्षात ग्राहक एकच, वेळ त्याने ठरवलेली, टेबल-खुर्ची त्याची, रजा त्याला विचारून. अशा माणसाला जर्मनीत आभासी स्वतंत्र म्हणतात. करारावर काहीही लिहिलेले असो, वस्तुस्थिती नोकरीची असेल तर ती नोकरीच मानली जाते. विम्याची थकलेली वर्गणी मालकाच्या माथी येतेच, शिवाय परदेशी माणसाकडे केवळ स्वतंत्र व्यवसायाची अनुज्ञा असेल तर तो नकळत विनापरवाना नोकरी करीत असतो. या आभासासाठी वापरलेला जर्मन शब्द ‘शाइन’ असा आहे. गंमत अशी की ‘शाइन’चा दुसरा अर्थ दाखला किंवा प्रमाणपत्र असा होतो. आपल्या ‘परवाना’ शब्दात आज्ञा आणि पतंग एकत्र राहतात, तसे त्यांच्या शब्दात दाखला आणि देखावा एकत्र राहतात.

४.७ काळाचे शब्द

मुदतीविषयी थोडक्यात. नोकरी ठरल्याआधी संपुष्टात आली तर परदेशी नोकरदाराने ते समजल्यापासून दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवावयाचे असते. मालकाला चार आठवडे असतात. मालक कळवील म्हणून स्वस्थ बसू नये, कर्तव्ये दोन आहेत. नोकरी गेली म्हणून त्याच दिवशी देश सोडावा लागतो असेही नाही, सहसा नवी नोकरी शोधण्यास काही अवधी दिला जातो. कागदपत्रे ‘उनफेरत्स्यूगलिश’ द्यावीत असे जेथे म्हटले असेल तेथे त्याचे ‘ताबडतोब’ हे भाषांतर अपुरे पडते. जर्मन कायद्याने त्या शब्दाचा अर्थ ‘स्वतःच्या दोषाने विलंब न करता’ असा दिला आहे. आजारी माणसाचा विलंब त्यात बसतो, आळशी माणसाचा बसत नाही.

मुदतवाढीचा अर्ज मात्र जुनी मुदत संपण्यापूर्वीच गेला पाहिजे. तसा तो गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क, कामाच्या अनुमतीसह, चालू असल्याचे मानले जाते आणि त्याचा एक दाखला मिळतो. त्या दाखल्याच्या नावात ‘फिक्त्सिओन’ हा शब्द आहे, म्हणजे कल्पित. मुदत वास्तविक संपलेली आहे, पण ती संपली नाही अशी कल्पना कायदा करतो. कल्पित साहित्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्याला हे ऐकून मौज वाटेल. मात्र अर्ज एक दिवस उशिरा गेला तर ही कल्पना आपोआप उभी राहत नाही, मग ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

४.८ स्वाध्याय

१. एका महिलेच्या अटींच्या कागदावर असा मजकूर आहे : ‘नोकरी अनुमत. स्वतंत्र उद्योग केवळ दुभाषी म्हणून अनुमत.’ तिने पुढील गोष्टी केल्या तर त्या अनुमतीत बसतात का, ते सकारण लिहा : रुग्णालयात रुग्णासाठी तासावर मोबदला घेऊन दुभाषेपणा, एका शाळेत पगारी साहाय्यक, शेजारणींना शुल्क घेऊन शिवणकाम, भारतातील नियतकालिकासाठी मानधनावर लेखमाला.

२. ‘अनुज्ञा देता येईल’, ‘एरवी अनुज्ञा देण्यात येईल’ आणि ‘अनुज्ञा देण्यात येईल’ या तीन वाक्यांपैकी प्रत्येक वाक्य हाती घेऊन अर्ज नाकारला गेलेल्या व्यक्तीला काय विचारता येईल, ते प्रत्येकी चार-पाच ओळींत लिहा.

३. तुमच्या घरातील भाडेकरार, विमापत्र किंवा नेमणूकपत्र घ्या. त्यातील एक असे वाक्य शोधा, ज्यात ‘काम’, ‘सेवा’ अथवा ‘व्यवसाय’ यांपैकी एक शब्द संदिग्ध आहे. ते वाक्य संदिग्धता राहणार नाही अशा रीतीने पुन्हा लिहा आणि संपर्कसत्राला येताना मूळ कागदाची प्रत सोबत आणा.